गोठ्याची वही

दिवाळीच्या संध्याकाळी गल्ल्याजवळ मांडलेल्या चोपड्यांमध्ये एक वही दरवर्षी वेगळी दिसे. बाकीच्या लाल कापडी बांधणीच्या, कोऱ्या, कुंकवाच्या पहिल्या बोटाची वाट पाहणाऱ्या. ही मात्र जुनी, कोपरे दुमडलेली, पानोपानी शेणामातीच्या बोटांचे ठसे असलेली. ती गोठ्याची वही. चौल-रेवदंडा परिसरातल्या एका जैन कुटुंबात ती जवळजवळ साठ वर्षे लिहिली गेली. कुटुंबाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आवास-सासवण्यापासून रेवदंड्यापर्यंत पसरलेल्या अष्टागरात पुढे किराणा दुकान, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या कडेला गोठा अशी घरे अजून सापडतात, आणि या घरात जे घडले ते थोड्याफार फरकाने त्यांपैकी कुठेही घडण्यासारखे आहे.

गेल्या दिवाळीत त्या वहीचेही रीतसर पूजन झाले. पण पाडव्याला नवे पान उघडले गेले नाही. दुधाचा धंदा बंद करायचा, असे त्या घराने ठरवले होते.

धंदा म्हणावा एवढा तो मोठा कधीच नव्हता. पहिल्या पिढीने दोन गाई आणल्या त्या दुधासाठी नव्हेच. नारळ आणि सुपारी ही खादाड झाडे; वाडीला दरसाल शेणखत लागते, आणि पुढे भाताच्या खाचरात पांढरा कांदा लावायचा तर त्यालाही लागते. (अलिबागच्या ज्या पांढऱ्या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याच्या गोडीत शेणखताचा वाटा किती, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे.) दूध हे शेणाबरोबर मिळणारे वरचे उत्पन्न होते. घरापुरते ठेवून उरलेले शेजारी जाई. मग शाळेत शिक्षक आले, सरकारी दवाखान्यात कर्मचारी आले, थळला खतकारखाना उभा राहिल्यावर भाडेकरू कुटुंबे वाढली, आणि शेजारधर्माचा रतीब झाला. दोन म्हशी वाढल्या. पहाटे साडेचारला धार, सहापूर्वी कासंड्या बाहेर, साडेसातला दुकान. तीन पिढ्यांचा दिवस या क्रमाने उजाडला.

कोकणाची जमीन दुधाची नव्हे, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक होते. इथली मूळची गाय लहान चणीची, डोंगर चढणारी, धो धो पावसात टिकणारी आणि दूध मात्र जेमतेम देणारी. आज तिला ‘कोकण कपिला’ म्हणून स्वतंत्र जातीची मान्यता आहे; पूर्वी तिला नुसते गावठी म्हणत. मुंबईची तहान भागवायला या किनाऱ्यावरून गवताच्या पेंढ्या गलबतांतून गेल्या, दूध फारसे गेले नाही. दूध मुंबईतच, तबेल्यांत काढले जाई. ते तबेले वस्तीबाहेर काढण्यासाठी १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. पुढे १९७० पासून ‘दुधाचा महापूर’ योजनेने आणंद, मेहसाणा, कोल्हापूर, पुणे अशा प्रदेशांचे दूध महानगरांना जोडले. रायगडचा किनारा या सगळ्या नकाशात उत्पादक म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून राहिला. आज रेवदंड्याच्या दुकानात पहाटे उतरणाऱ्या पिशव्या घाटावरच्या आहेत. त्याच दुकानाच्या मागल्या दाराने रतिबाच्या कासंड्या बाहेर पडत होत्या, ही गंमत कुटुंबातल्या कोणाच्या ध्यानात फार उशिरा आली.

धंदा थांबवण्याची आर्थिक कारणे शोधावी लागत नाहीत. चराईचे माळ बंगल्यांच्या कुंपणांत गेले. मांडव्याची रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबई आणखी जवळ आली, तसे कुंपण आणखी सरकले. भात यंत्राने कापले की पेंढा चिखलात तुडवला जातो, नाहीतर आखूड आणि ओला हाती येतो. त्याची उडवी रचता येत नाही. सरकी आणि पेंड यांचे भाव सांगण्यात अर्थ नाही, ते हा मजकूर छापून होईपर्यंत बदललेले असतील. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा गोठ्याचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले आणि उभ्या पोफळींचे निम्मे बन आडवे झाले. दोन वर्षांनी लंपीची साथ आली. लस मिळाली, जनावरे वाचली, पण महिनाभर गिऱ्हाइकांनी दूध घेतले नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे पाच आणि पुढे सात रुपयांचे अनुदान दिले, ते सहकारी वा खासगी प्रकल्पाला दूध घालणाऱ्यांसाठी. घरोघर फिरणारा रतीबवाला त्या हिशेबात बसत नाही.

हे सारे खरे असले तरी त्या घराने गोठा या कारणांसाठी बंद केला नाही. तोटा सोसण्याची त्या घराला सवय होती. वाडीचे खत मोजले तर तोटा फारसा उरतही नव्हता. कारण निघाले ते वहीतूनच.

श्रावणात थोरल्या म्हशीला पारडू झाले. रेडकू. तिची लागोपाठ तिसरी वीण, तिन्ही वेळा रेडा. धाकटी नात मुंबईत सनदी लेखापालाच्या कार्यालयात उमेदवारी करते. पर्युषणासाठी ती घरी आली होती. प्रतिक्रमणाला बसण्यापूर्वीच्या मोकळ्या दुपारी सवयीने तिने गोठ्याची वही चाळली. आजोबांचे अक्षर सुवाच्य आणि हिशेब चोख. दर नोंदीला तारीख, नाव, माप, रक्कम. उधारी कोणाची, जमा कधी, सगळे स्वच्छ. तिला खटकले ते इतकेच, की काही नोंदींना रक्कम नव्हती आणि नावही नव्हते. ‘पारडू १, दिले.’ ‘गोऱ्हा १, दिला.’ ‘भाकड म्हैस १, दिली.’ साठ वर्षांच्या वहीत अशा नोंदी बोटांवर मोजण्यापलीकडे होत्या, आणि जसजशी पाने अलीकडची होत गेली तसतशी त्यांची दाटी वाढत गेली होती.

“बापूजी, कोणाला दिले?” तिने विचारले.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. “पूर्वीची तुला नावे सांगतो,” ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी सांगितली. अमुक गावच्या पाटलांना रेडा दिला, त्याने चौदा वर्षे खाचरात चिखलणी केली. तमक्या आगरी कुटुंबाला गोऱ्हा दिला, त्याची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली. दोन खोंड बैलगाडीला गेले. अशी नावे सांगता सांगता ते एका वर्षापाशी येऊन थांबले. त्यानंतरची नावे त्यांना ठाऊक नव्हती. त्या सुमारास गावात पहिला पॉवर टिलर आला होता.

यात कोणाचा दोष काढायचा? यंत्राने बैलाच्या मानेवरचे जू उतरवले ही चांगलीच गोष्ट झाली. पण जू उतरले तसे बैलाचे घरही सुटले. ज्या शेतीत नर वासराला काम होते, त्या शेतीत दूध काढणे आणि वासरू वाढवणे या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या. काम संपले आणि दुधाची बाजू तेवढी उरली. निसर्गाचा नियम मात्र बदलला नाही: गाय-म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि होणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. अलिबागच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणलेली बंदी २०२१ च्या अखेरीस अंतरिम आदेशाने उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे निवडक खोंडांना भाव आला. पण शर्यतीच्या गोऱ्ह्याला पराणी आणि चाबूक यांतून जावे लागते, आणि श्रावकाने तो मार्ग उत्तर म्हणून पुढे करावा असे नाही. रेड्याला तर तोही मार्ग नाही.

कायद्याची बाजू पुष्कळांना अर्धवट ठाऊक असते. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाय आणि तिची वासरे यांना अभय दिले होते. विधिमंडळाने १९९५ मध्ये केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हा बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस, रेडा आणि पारडू त्या संरक्षणाबाहेरच राहिले. म्हणजे ज्या म्हशीच्या घट्ट दुधाचा चहा आपल्याकडे चांगला मानला जातो, तिच्याच पारडाला कायद्याचे अभय नाही. गावात महिन्या-दोन महिन्यांनी टेम्पो घेऊन येणारा हेडी हे पुरते जाणतो. तो भाव करीत नाही. ‘शेठ, जागा मोकळी करून देतो’ एवढेच म्हणतो. आजोबांनी त्याच्याकडून पैसे कधी घेतले नाहीत. वहीत रक्कम नाही ती यामुळे. पैसे घेतले नाहीत म्हणजे विकले नाही, विकले नाही म्हणजे व्यापार नाही, अशी एक समजूत मनात धरून त्यांनी ‘दिले’ हा शब्द लिहिला. नाव न विचारण्याची खबरदारीही त्याच समजुतीतली.

ज्या घरात रोज सामायिक होते त्या घराला ही समजूत फार दिवस पुरत नाही. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात दर वेळी आठवले जातात: प्राण्याला बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलणार नाही एवढे ओझे लादणे, आणि अन्नपाणी तोडणे. आचार्यांनी ही यादी केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शिकारी किंवा कसाई नव्हता. तो तर व्रतातच नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर गोठा असलेला गृहस्थ होता. दावे, वेसण, खच्चीकरण, बैलाच्या पाठीवरचे ओझे, आणि आईच्या आचळापाशी येऊ न दिलेले वासरू. पंधरा कर्मादानांतही केशवाणिज्य, म्हणजे केसवाल्या जीवांचा व्यापार, आणि निर्लांछन कर्म, म्हणजे जनावरांना डागणे-खच्ची करणे, यांची नावे आहेत. म्हशीचे पंधरा दिवस आणि गाईचे दहा दिवस व्याल्यानंतरचे दूध श्रावकाने घेऊ नये या जुन्या दंडकाने वासराचा चीक वासरालाच राहतो. शेजारीपाजारी खरवसाचे भांडे फिरत असताना हे घर तो दंडक पाळत आले होते.

मात्र याच परंपरेत दूध निषिद्ध कधीच नव्हते, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. उपासकदशांगात वाणिज्यग्रामाच्या आनंद श्रावकाची संपत्ती सांगितली आहे, तीत दहा हजार गाईंचा एकेक असे चार व्रज आहेत. भगवान महावीरांपुढे त्याने परिग्रहाची मर्यादा घेतली, ती या चार व्रजांपलीकडे न वाढवण्याची. आहेत ते मोडण्याची नव्हे. आजोबांनी नातीपुढे नेमका हाच दाखला ठेवला. तिचे उत्तर साधे होते. आनंदाच्या व्रजातला गोऱ्हा कुठे जाई? शेतावर, गाडीला. पाचशे नांगर आणि शेकडो गाड्यांची मर्यादा त्याच आनंदाने घेतली होती ना? तिथे ‘दिले’ लिहिण्याची वेळ येत नव्हती.

आजोबा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी हे स्थळ कित्येकदा वाचले होते. नांगर आणि व्रज एकाच यादीत का आहेत, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता एवढेच.

संवत्सरी झाली, क्षमापना झाली. नात मुंबईला जाताना एक कागद ठेवून गेली. लेखापरीक्षणाची भाषा वापरून तिने त्यावर एक हिशेब मांडला होता, आणि व्यापारी वाचकांनी तो अंक धरून तपासावा असा आहे. एक म्हैस किंवा गाय तिच्या आयुष्यात पाच वेळा व्याली, दर वेळी ३०० दिवस आणि दिवसाला सरासरी ५ लिटर दूध दिले असे धरले, तर एकूण दूध ७,५०० लिटर. पाचांपैकी दोन नर. वैरण, पाणी, औषध, माणूस मिळून एका जनावराचा खर्च दिवसाला फक्त १०० रुपये धरला तर वर्षाचे ३६,५०० होतात. दोन नर पंधरा-पंधरा वर्षे जगले तर १०,९५,०००. ती जनावर स्वतः भाकड झाल्यावर आठ वर्षे जगली तर २,९२,०००. बेरीज १३,८७,०००. ती ७,५०० लिटरांवर विभागली तर दर लिटरला १८५ रुपये. पेंड-सरकीचा चालू खर्च यात नाही, तो वेगळा.

हिशेबाखाली तिने एकच ओळ लिहिली होती: या देण्याची तरतूद आपल्या वहीत कुठल्याच वर्षी नाही.

कोणीही म्हणेल की गृहीतके बदलली तर आकडा बदलेल. बदलेलच. जनावर दुधाळ असेल तर तो खाली येईल, चारा विकत असेल तर वर जाईल. पण तो शून्य होत नाही, आणि कोणत्याही दुधाच्या पिशवीवर तो छापलेला नसतो. मग तो भरतो कोण? एक तर जनावर स्वतः भरते, अर्ध्या आयुष्यात टेम्पोत चढून. नाहीतर पांजरापोळ भरते. मुंबईची पांजरापोळ १८३४ मध्ये भुलेश्वरला सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांनी उभारली, ती रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून उठलेल्या काहुरानंतर. आज त्या संस्थेच्या आणि तिच्यासारख्या शेकडो संस्थांच्या दावणींना बांधलेली बहुसंख्य जनावरे दूध देऊन संपलेली किंवा दूध न देणाऱ्या लिंगात जन्मलेली आहेत. राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये जाहीर केले. ते पन्नास आणि देणगीदारांच्या पावत्या, यांतून दूधधंद्याचे न लिहिलेले देणे फिटते, फिटते तेवढे. जैन व्यापारी जीवदयेची पावती श्रद्धेने फाडतो आणि दुधाची पिशवी निश्चिंतपणे घेतो. या दोन कागदांचे खाते एकच आहे, हे पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही.

इंग्लंडमध्ये काही वर्षांपासून ‘अहिंसा दूध’ या नावाने एक प्रयोग चालला आहे. तिथे एकही वासरू वा बैल कत्तलीला जात नाही, बैलांकडून शेताची कामे घेतली जातात, आणि दुधाचा दर साध्या दुधाच्या कितीतरी पट असतो. लंडन-लेस्टरकडची कृष्णभक्त आणि जैन कुटुंबे तो देतात. रेवदंड्याच्या रतिबाला तो दर लावता येईल काय, असे थोरल्या मुलाने हसत विचारले; दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या पिशव्या आपोआप खपल्या असत्या. त्याने दुसराही उपाय सांगितला. आता लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मिळतात. त्यांतून दहांत नऊ वेळा मादी होते. उपाय खरा आहे, आणि गोठा चालू ठेवू इच्छिणाऱ्याने तो जरूर पाहावा. पण त्याने नराचा प्रश्न पुसट होतो, भाकड जनावराचा दुप्पट होतो. जास्त पाड्या म्हणजे पुढे जास्त म्हाताऱ्या गाई. शिवाय बांधलेले दावे तिथेच राहते.

सर्वांत कठीण गेले ते आजीला. धार ती काढी. लग्न होऊन आल्यापासून, बाळंतपणाचे दिवस आणि तीर्थयात्रा वगळता, तिच्या पहाटा गोठ्यात गेल्या. म्हैस तिच्या हाताशिवाय पान्हा सोडत नसे. नातीचा कागद तिला वाचून दाखवला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “यात मी कुठे आहे?” आणि तिचे म्हणणे चूक नव्हते. हिशेबात शेण होते, वैरण होती, पारडाचे आयुष्य होते. आजारी म्हशीपाशी बसून काढलेल्या रात्री नव्हत्या. पुरात गुडघाभर पाण्यात उभे राहून सोडलेली दावी नव्हती. तिने कोणत्या जनावराला उपाशी ठेवले नव्हते. वासराला दोन आचळ सोडल्याशिवाय चरवी भरली नव्हती. हेडी आला की मात्र ती घरात निघून जात असे, आणि तो गेल्यावर रिकाम्या खुंट्याकडे पाहत नसे. इतकी वर्षे तिला ठाऊक नव्हते असे नाही.

दुधाचा विचार करताना गांधीजींची आठवण या चर्चेत निघाली, आणि ती काढली आजीने. कलकत्त्याच्या गोठ्यांत दूध काढण्यासाठी जनावरांवर होणारे अत्याचार वाचून १९१२ मध्ये त्यांनी गाय-म्हशीचे दूध सोडले; दूध विकार वाढवते हे त्यांना प्रथम श्रीमद् राजचंद्रांकडून कळले होते, असे त्यांनीच लिहिले आहे. पुढे गंभीर आजारात कस्तुरबांच्या आग्रहाने ते शेळीचे दूध घेऊ लागले, आणि व्रताचा शब्द राखला पण प्राण गमावला अशी खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली. “एवढ्या मोठ्या माणसाला शेवटी वाट काढावी लागली,” आजी म्हणाली, “तर आपले काय.” हा युक्तिवाद होता की कबुली, हे घरातल्या कोणाला नीट समजले नाही.

आणखी एक माणूस या निर्णयात होता, ज्याला अशा चर्चांत सहसा कोणी बोलावत नाही. गोठ्याचा गडी. बावीस वर्षे तो शेण काढीत होता, वैरण कापीत होता, सायकलवरून रतीब पोचवीत होता. दूध बंद म्हणजे त्याचा पगार बंद, हे त्याने गृहीत धरले होते आणि पेणच्या बाजूला एका कारखान्यात ओळखीही काढून ठेवल्या होत्या. जीवदयेपायी घेतलेला निर्णय एका संसाराची चूल विझवीत असेल, तर त्याला दया म्हणणे कठीण. आजोबांना हे सांगावे लागले नाही. गडी राहील, असे त्यांनी पहिल्याच बैठकीत ठरवले. बाकीचे नंतर ठरले.

शेवटी ठरले ते असे. एकही जनावर बाहेर जाणार नाही, विकत नाही आणि ‘दिले’ म्हणूनही नाही. पांजरापोळीतही धाडायचे नाही. ज्यांचे दूध घेतले त्यांना सांभाळण्याचे काम दुसऱ्याच्या दारात लोटायचे नाही. (पांजरापोळीचा व्यवस्थापकही याहून वेगळे सांगता ना. त्यांच्याकडे येणाऱ्या जनावरांत सुस्थित घरांची किती असतात, हे त्यांना विचारून पाहावे.) म्हशी आणि गाई यापुढे भरवायच्या नाहीत. चालू दूध आटेल तसे आटू द्यायचे. रतीब टप्प्याटप्प्याने थांबवायचा. ज्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांचा शेवटी. दोन म्हशी, तीन गाई, एक पाडी, एक म्हातारा बैल आणि श्रावणातले ते पारडू, अशी आठ जनावरे त्यांच्या वयाने संपेपर्यंत राहतील. शेण वाडीला मिळेलच. दुकानाच्या नफ्यातून दरमहा एक रक्कम गोठा खात्यावर काढून ठेवायची. ती किती, हे नातीने १०० रुपयांच्या हिशेबाने काढले. आजोबांनी त्यात वीस टक्के वाढवले. जनावर हिशेबापेक्षा जास्त जगते, हा त्यांचा अनुभव.

तरतुदीचे हे पान नव्या वहीत आहे. जुन्या वहीतल्या ‘दिले’ या नोंदींचे काय करावे, यावर बोलणे झाले. थोरल्या मुलाचे म्हणणे की ती वही आता बासनात बांधून माळ्यावर ठेवावी. आजोबांनी तसे केले नाही. त्यांनी ती सगळी पाने एकदा मोजली, आकडा एका चिठ्ठीवर लिहिला, आणि चिठ्ठी कोणाला न दाखवता पाकिटात ठेवली. पुढच्या चातुर्मासात महाराजसाहेब येतील तेव्हा आलोचना घ्यायची आहे, इतके त्यांनी सांगितले.

फाल्गुनात धाकटी म्हैस आटली. शेवटचा रतीब एका निवृत्त शिक्षिकेकडे जात होता. तिने कासंडी घासून, तीत घरचा पांढरा कांदा भरून परत पाठवली. पारडू आता वाडीभर फिरते, अळूची पाने खाते, आणि पोफळीच्या रोपांना कुंपण घालण्याचा जादा खर्च करायला लावते. थोरली म्हैस पहिले काही दिवस पहाटे साडेचारला हंबरत असे. आजीही त्या वेळी उठे. दोघी गोठ्यात असत, चरवीशिवाय.

चैत्रात नवपद ओळी आली. आजीने नेहमीप्रमाणे नऊ आयंबिले केली. आयंबिलात दूध, दही, तूप सारेच वर्ज्य. त्यामुळे त्या नऊ दिवसांत स्वयंपाकघराला काही फरक जाणवला नाही. दहाव्या दिवशी पारणे. सुनेने सवयीने विचारले, दूध तापवू का? दुकानाच्या फ्रिजमध्ये घाटावरच्या पिशव्या रचलेल्या होत्या, त्या दिवशीच्या ताज्या. गोठा बंद झाला होता. त्या घरातले दूध बंद झाले नव्हते, आणि व्हावे असे कोणी म्हटलेही नव्हते. आजीने फ्रिजच्या काचेतून पिशव्यांकडे जरा वेळ पाहिले. मग तिने मुगाचे पाणी मागितले, आणि उद्याचे उद्या सांगते म्हणाली.